शीर्षकात ‘मृत्यू’ लिहावं, ‘हत्या’ की ‘खून’? उलगडा न झालेल्या मृत्यूंवरच्या लेखांना नाव देताना

पागोळी (धागाकर्ती)

मंडळी, मराठी विकिपीडियासाठी धूळपाटीवर (म्हणजे तिथल्या कच्च्या लेखनाच्या पानावर) एक लेख लिहून तयार आहे. संदर्भ जोडले, शुद्धलेखन दोनदा तपासलं, आणि आता शीर्षकापाशी येऊन तीन आठवडे अडले आहे. लेख रोबेर्तो काल्वी यांच्या मृत्यूवर आहे. (बघा, ‘मृत्यूवर’ असं सहज लिहून गेले. पेच नेमका तिथेच आहे.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काल्वी हे मिलानच्या बांको अंब्रोस्यानो या बँकेचे अध्यक्ष. व्हॅटिकनच्या बँकेशी त्यांचे घनिष्ठ व्यवहार, म्हणून वर्तमानपत्रं त्यांना ‘देवाचा बँकर’ म्हणायची. बँक बुडायला आली आणि जून १९८२ मध्ये ते खोट्या पासपोर्टवर इटलीतून निसटले. १८ जूनच्या सकाळी लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखालच्या परांचीला त्यांचा देह लटकलेला सापडला. खिशांत विटांचे तुकडे आणि निरनिराळ्या देशांच्या नोटा.

आता निष्कर्ष कसे बदलत गेले ते पाहा. जुलै १९८२ मध्ये लंडनला कोरोनरपुढे (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) चौकशी झाली, ज्यूरीने आत्महत्या म्हटलं. कुटुंबाने ते मानलं नाही. १९८३ मध्ये दुसरी चौकशी झाली, तेव्हाच्या ज्यूरीने निष्कर्ष खुला ठेवला, म्हणजे आत्महत्या की घातपात हे सांगता येत नाही. १९९८ मध्ये दफन केलेला देह पुन्हा बाहेर काढला. २००२ च्या न्यायवैद्यक अहवालाने सांगितलं की मानेच्या जखमा गळफासाशी जुळत नाहीत, बुटांना परांचीचा गंज किंवा रंग लागलेला नाही, आणि त्या विटांना काल्वींचे हात लागलेलेच नाहीत. मग रोममध्ये पाच जणांवर खटला चालला. ६ जून २००७ रोजी पुरावा अपुरा म्हणून पाचही जण सुटले. मात्र हा खून आहे, आत्महत्या नाही, हे त्याच न्यायालयाने मान्य केलं.

एकाच माणसाचं एकच मरण, आणि पंचवीस वर्षांत तीन उत्तरं. मी आधी ‘रोबेर्तो काल्वी यांचा खून’ लिहिलं, मग खोडून ‘हत्या’ केलं, परवा ‘मृत्यू’ केलं. ‘काल्वी प्रकरण’ असाही एक पर्याय वहीत आहे. कृपया नुसतं ‘हे बरं वाटतं’ असं सांगू नका, का बरं वाटतं तेही सांगा. असे आणखी सात-आठ लेख माझ्या यादीत आहेत, आणि दर वेळी नव्याने अडायचं नाही.

तिठा

पागोळीताई, इंग्रजी विकिपीडियावर हाच वाद इतक्या वेळा झाला की शेवटी त्यांनी पायऱ्या ठरवल्या. ढोबळमानाने सांगतो. घटनेला सर्वतोमुखी झालेलं एखादं नाव असेल तर ते आधी. तसं नसेल तर खुनाबद्दल कोणी दोषी ठरलंय का ते पाहायचं, ठरलं असेल तर शीर्षकात ‘मर्डर’. कोणी दोषी ठरलेलं नाही, पण दुसऱ्याच्या हातून मरण आलं असं अधिकृतपणे नोंदलं गेलंय, तर ‘किलिंग’. हेही नसेल तर ‘डेथ’.

अमेरिकेत पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचा लेख या सगळ्या पायऱ्या चढलेला आहे. २५ मे २०२० ला घटना घडली तेव्हा ‘डेथ’, पुढे ‘किलिंग’, आणि २० एप्रिल २०२१ ला पोलीस अधिकारी दोषी ठरल्यावर ‘मर्डर’. मजकूर बराचसा तोच, शीर्षकं तीन.

मराठीत आपण सरळ मृत्यू, हत्या, खून अशा तीन पायऱ्या घ्याव्यात. काल्वींच्या बाबतीत कोणी दोषी नाही, आणि दोन देशांची उत्तरं जुळत नाहीत. म्हणून माझं मत ‘मृत्यू’ला.

काळवीट

फौजदारी वकिली करतो, म्हणून शब्दांबद्दल बोलतो. तिठांच्या पायऱ्या इंग्रजीत बसतात, कारण तिथे ‘मर्डर’ आणि ‘किलिंग’ यांचं वजन वाचकाला ठाऊक आहे. मराठीत ‘हत्या’ आणि ‘खून’ यांच्यात तसा फरक आपण करतो का? कायद्यात करतो. भारतीय दंड संहितेच्या मराठी भाषांतरात कलम ३०० ला ‘खून’ म्हटलंय आणि कलम २९९ ला ‘सदोष मनुष्यवध’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीच कलमं आता १०१ आणि १००. ‘हत्या’ हा मराठी कायद्यातला शब्दच नाही. हिंदीत मात्र ‘हत्या’ म्हणजेच कलम ३००. त्यामुळे हिंदी बातमी समोर ठेवून मराठी लेख लिहिणारे ‘हत्या’ जसाच्या तसा उचलतात, आणि तिथला कायद्याचा शब्द आपल्याकडे येताना मोघम होतो. हा घोटाळा मी रोज पाहतो.

आता वर्तमानपत्रांची रीत बघा. मोठ्या माणसाची ‘हत्या’ होते, साध्या माणसाचा ‘खून’ होतो. पंतप्रधान, पुढारी, विचारवंत यांच्यासाठी ‘हत्या’. शेतावरचा गडी, रिक्षावाला यांच्यासाठी ‘खून’. हा भेद गुन्ह्यातला नसून मेलेल्याच्या प्रतिष्ठेतला आहे. विश्वकोशाने तो उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. ‘उलगडा झाला नाही’ हे शब्द आपण फार सैल वापरतो. महाराष्ट्रात पोलीस तपास थांबवताना न्यायालयाला अहवाल देतात, त्याला बोलीत ‘समरी’ म्हणतात. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा आहे, पण करणारा सापडत नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार, खरीही नाही आणि खोटीही नाही. खुनाच्या गुन्ह्यात ए समरी गेली तर सरकारी कागदावर तो खूनच राहतो, फक्त खुनी अज्ञात असतो. म्हणजे मरण कसं आलं हा एक प्रश्न झाला, कोणी आणलं हा वेगळा. शीर्षकाने फक्त पहिल्याचं उत्तर द्यावं. दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही म्हणून पहिलंही पुसून टाकायचं, हा न्याय मला समजत नाही.

गोफण

काळवीट, अगदी मनातलं बोललात.

तिठा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ‘मृत्यू’ हा शब्द तुम्ही समजता तितका निरुपद्रवी नाही. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्टॉकहोमच्या भर रस्त्यात, पत्नीसोबत सिनेमा पाहून घरी चालत जाणाऱ्या स्वीडनच्या पंतप्रधानांना, ओलोफ पाल्मेंना, पाठीत गोळी घातली. एक जण १९८९ मध्ये दोषी ठरला आणि त्याच वर्षी अपिलात सुटला. २०२० मध्ये तपास बंद झाला. दोषसिद्धी आजही नाही. म्हणून ‘ओलोफ पाल्मे यांचा मृत्यू’ लिहायचं? पाठीत शिरलेली गोळी ही काय दुखण्यासारखी आपली आपण आली?

मवाळ शब्द निवडला की आपण तटस्थ झालो असं आपल्याला वाटतं. पण मवाळ शब्दाने कोणाची तरी सोय होतेच. फ्लॉइडचा लेख ‘डेथ’ होता तेव्हा लोक चिडले ते याच कारणाने.

तिठा

गोफण, पाल्मेंच्या लेखाला ‘मृत्यू’ म्हणा असं मी म्हटलेलं नाही. तिथे मधली पायरी लागते. दुसऱ्याच्या हातून मरण आलं यावर कोणाचंच दुमत नाही, म्हणून ‘हत्या’. माझा आक्षेप आहे तो जिथे ‘दुसऱ्याच्या हातून’ हेच ठरलेलं नाही तिथला. फ्लॉइडच्या बाबतीतही लेख ‘किलिंग’वर गेला तो शवचिकित्सेत ‘होमिसाइड’, म्हणजे दुसऱ्याच्या हातून मरण, असं नोंदलं गेलं म्हणून. लोक चिडले एवढ्याने शीर्षक हलवायचं ठरलं, तर उद्या दुसऱ्या बाजूचे लोक चिडून उलट हलवतील.

वाटसरू

+१ तिठा.

द्यातलोव्ह खिंडीचा विचार करा. १९५९ च्या फेब्रुवारीत उरल पर्वतात नऊ गिर्यारोहक मेले, तंबू आतून फाडलेला, माणसं अर्ध्या कपड्यांनिशी बर्फात. सोव्हिएत तपासाने ‘अनिवार नैसर्गिक शक्ती’ असं म्हणून फाइल मिटली, २०२० मध्ये रशियाच्या अभियोक्त्यांनी हिमस्खलन म्हटलं. तिथे हत्या म्हणणारेही आजवर हजारो आहेत. रशियन विकिपीडियावर त्या लेखाच्या शीर्षकात ‘गीबेल’ हा शब्द आहे. अनैसर्गिक, अवेळी अंत, पण कोणाच्या हातून ते त्या शब्दात येत नाही. आपल्याकडे असा शब्द असता तर हा धागाच निघाला नसता.

मोडीवाचक

वाटसरू, ‘अपमृत्यू’ हा शब्द आपल्याकडे होता. अपघात, सर्पदंश, बुडणं, मारलं जाणं, सगळ्याला चालायचा. आता त्याला पत्रिका आणि शांतिकर्मांचा इतका वास लागलाय की विश्वकोशात बसणार नाही.

मला ‘वध’बद्दल बोलायचंय, कारण मराठीत या वादाची खरी मुळं तिथे आहेत. कंसाचा वध होतो, कीचकाचा वध होतो, १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध होतो. ‘वध’ म्हटलं की मरणारा त्याच लायकीचा होता हे न सांगता सांगून होतं. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी कागदांत तो खून, आणि आपल्या घराघरांत ‘रँडचा वध’. १९४८ च्या ३० जानेवारीला जे झालं त्याला कोण ‘गांधीहत्या’ म्हणतं आणि कोण ‘गांधीवध’, यावरून बोलणाऱ्याचा पक्ष पहिल्याच शब्दात कळतो. पुढचं वाक्य ऐकायची गरज उरत नाही.

आणि गंमत नव्हे, नवल बघा: काळवीटांच्या कायद्यात हाच ‘वध’ ‘मनुष्यवध’ होऊन आला, की तिथे पुण्याईचा लवलेश नाही. शब्द एकच, पण दरबार वेगळा. म्हणून कायद्याचा शब्द शीर्षकात जसाच्या तसा आणायलाही मी बिचकतो. ‘अमुक यांचा मनुष्यवध’ असं शीर्षक वाचून कोणाला काय वाटेल?

दुसरं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं, तो मराठीत आजवर ‘खून’च राहिला. पेशवा असूनही ‘हत्या’ झाली नाही. त्या खुनाने आपल्याला ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार दिला. ‘धरावे’ची ‘मारावे’ झाली, ती आनंदीबाईंनी केली, हे पोराटोरांना पाठ आहे. पण त्यांनीच कागदावर अक्षर बदललं याचा भक्कम पुरावा नाही. अडीचशे वर्षं एक बाई एका अक्षरापायी दोषी आहे. शीर्षकातला एक शब्द काय करू शकतो असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.

शेवंती

मी इथे सहसा वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मावसभाऊ तेवीस वर्षांचा असताना विहिरीत सापडला. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, ती रीतच आहे. शवविच्छेदन व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या आणि वर ठळक अक्षरांत ‘तरुणाची विहिरीत उडी घेऊन आत्महत्या’. कोणी पाहिलं होतं उडी घेताना? बातमी देणाऱ्याने विचारलंही नसेल.

पुढे अहवाल आला. डोक्याला मागून मार होता आणि तो पाण्यात पडण्याआधीचा होता. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. कोणी सापडलं नाही. काळवीटदादा, तुम्ही सांगितलेली ती ए समरी आमच्या घरात आहे.

त्या पहिल्या बातमीचं कात्रण मावशीने जपून ठेवलंय, हिशेबाच्या वहीत चिकटवून. त्यातला ‘आत्महत्या’ हा एक शब्द तिने निळ्या शाईने गिरगटून टाकलाय, इतका की कागद तिथे फाटलाय आणि मागच्या पानावरही शाई उतरलीय. बाकीच्या ओळी तशाच आहेत, कारण त्यात त्याचं नाव आहे, वय आहे.

म्हणून मला दोन्ही बाजू कळतात. पहिल्या दिवशी त्या बातमीवर ‘तरुणाचा मृत्यू’ एवढंच असतं तर आम्हाला दहा वर्षं लोकांची तोंडं धरावी लागली नसती. आणि अहवाल आल्यावरही कोणी ‘मृत्यू’च म्हणत राहिलं असतं तर तेही सोसलं नसतं. वर्तमानपत्राने चुकीचा शब्द छापला हे दुःख आहेच, पण अहवालानंतर त्यांच्याकडे जाऊन सांगितलं तरी एक ओळ आली नाही, हे जास्त लागलं. तुमच्या लेखाचं नाव बदलता येतं ना? मग ते कोणत्या तारखेपर्यंतच्या माहितीवर ठेवलंय हे लक्षात असू द्या, एवढंच.

पागोळी

शेवंतीताई, काय लिहू. वहीतलं ते पान डोळ्यांसमोरून जात नाहीये.

तुम्ही मला एक गोष्ट दाखवलीत जी तीन आठवड्यांत सुचली नव्हती. मी कायमचं शीर्षक शोधत होते. प्रत्येक निष्कर्षासोबत शीर्षक हलायला हवं, आणि ते कधी, कशामुळे हललं हे चर्चापानावर लिहून ठेवायला हवं. पुढच्या माणसाला नुसता शब्द नको, त्या शब्दामागचा कागद हवा.

काळवीट

शेवंतीताई, तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

रानपाखरू

‘काल्वी प्रकरण’ला काय हरकत आहे? वर्तमानपत्रं सर्रास वापरतात, आणि त्यात मृत्यू, हत्या, खून काहीच म्हणावं लागत नाही. सगळ्यात तटस्थ तेच.

मोडीवाचक

रानपाखरू, मराठीत ‘त्यांचं काहीतरी प्रकरण आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं? लफडं येतं, पैशाची अफरातफर येते. मेलेल्या माणसाच्या नावाला ‘प्रकरण’ जोडलं की संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. विशेषतः मेलेली व्यक्ती बाई असेल तर. ‘अमुक तमुक प्रकरण’ अशा बातम्यांत बाईच्या चारित्र्याची चर्चा किती ओळींत सुरू होते ते मोजून बघा.

काल्वींच्या बाबतीत तर बँक बुडाल्याचंही ‘प्रकरण’च आहे. लेख कशाबद्दल आहे हेही कळणार नाही.

रानपाखरू

हा विचार केला नव्हता. मागे घेतो.

तिठा

त्याच ओघात विशेषणांचं बघून टाकू. ‘गूढ मृत्यू’, ‘रहस्यमय मृत्यू’ नकोत, ती जाहिरात आहे. ‘संशयास्पद मृत्यू’ पोलिसांच्या नोंदीत चालतो, शीर्षकात नाही, कारण संशय कोणाला, कशाचा, हे शीर्षकात सांगता येत नाही. ‘हत्याकांड’ एका माणसासाठी वापरू नये. जालियनवाला बागेत जे झालं त्याला तो शब्द आहे. तो वाटेल तिथे वापरून आपण त्याची धार घालवली.

माध्यमांनी दिलेल्या टोपणनावांबद्दलही सावध राहायला हवं. लंडनमधल्या अज्ञात खुन्याचं ‘जॅक द रिपर’ हे नाव सप्टेंबर १८८८ मध्ये एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्रातून पसरलं, आणि ते पत्र कोणा पत्रकारानेच रचलं असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पोलिसांच्या फाइलचं नाव ‘व्हाइटचॅपल खून’, त्यात अकरा बायका. मारणाऱ्याला नाव मिळालं, तेही बहुधा बनावट. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला मारल्या गेलेल्या बावीस वर्षांच्या एलिझाबेथ शॉर्टला वर्तमानपत्रांनी ‘ब्लॅक डालिया’ केलं. लोक त्याच नावाने शोधतात हे खरं, म्हणून तिथून पुनर्निर्देशन (त्या नावाने शोधणाऱ्याला थेट लेखावर नेणारी सोय) ठेवावंच लागतं. पण लेखाच्या माथ्यावर तिचं स्वतःचं नाव असावं असं मला वाटतं. सर्वतोमुखी नावाचा नियम मीच वर सांगितला, आणि इथे तो मला जड जातो, हे कबूल करतो.

गोफण

नावांवरून आठवलं. २००८ चं नोएडातलं दुहेरी हत्यांचं प्रकरण (हो, ‘प्रकरण’ लिहिलं, सवय लगेच जाणार नाही). एक अल्पवयीन मुलगी आणि त्याच घरात काम करणारा माणूस, दोघं मारले गेले. २०१३ मध्ये मुलीच्या आईवडिलांना शिक्षा, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून सुटका. देशभर त्या घटनेला एकट्या मुलीचं नाव पडलं. तो माणूस नावातून गळून गेला. इंग्रजी विकिपीडियावर लेख वर्ष आणि गावाच्या नावाने आहे, ‘दुहेरी’ या शब्दासकट. त्या एका शब्दाने दुसरा माणूस परत आला. मृत एकाहून जास्त असतील तर हीच पद्धत घ्यावी.

काळवीट

सहमत. गावाच्या नावाला कायमचा डाग लागतो हा आक्षेप येईल, पण एका मृताला गाळण्यापेक्षा ते बरं. शिवाय सुटलेल्या आरोपींची नावं शीर्षकात येत नाहीत. सुटका झालेला माणूस शोधयंत्रावर आपलं नाव टाकतो तेव्हा वर काय दिसतं, याचा विचार लिहिणाऱ्याने करायलाच हवा. मी अशी माणसं समोर बसलेली पाहिली आहेत. कोर्टाने सोडलं, लोकांनी सोडलं नाही.

पागोळी

आणखी एक अस्सल मराठी अडचण. ‘रोबेर्तो काल्वी यांचा’ की ‘काल्वीचा’? इंग्रजीत हा प्रश्नच नाही. मी अनुवाद करताना सहजपणे बँकेच्या अध्यक्षांना ‘यांचा’ लावला. माझ्याच यादीतल्या दुसऱ्या लेखात मारली गेलेली तरुणी मोलकरीण होती, तिला मी ‘ची’ लिहिलंय. काल रात्री दोन्ही शीर्षकं एकाखाली एक पाहिली आणि लाज वाटली.

मोडीवाचक

सगळ्या मृतांना ‘यांचा’, ‘यांची’. अपवाद नको. लहान मुलांनाही? माझ्या मते हो, शीर्षकात तरी. मजकुरात लहान मुलाला ‘तो’, ‘ती’ चालेल.

वाटसरू

+१. मोलकरणीलाही ‘यांची’, बँकेच्या अध्यक्षांनाही ‘यांची’.

गोफण

मग काल्वींचं काय ठरलं? माझं मत ‘हत्या’.

काळवीट

तांत्रिकदृष्ट्या ‘खून’ही बसतो, न्यायालयाने मानलाय. पण मराठी वाचक ‘खून’ वाचला की खुनी कोण ते शोधतो, आणि लेखात तो नाही. दोषसिद्धीशिवाय ‘खून’ शीर्षकात नको, हा नियम पाळला तर सुटलेल्या त्या पाच जणांवरही अन्याय होत नाही. म्हणून ‘हत्या’. कायद्यात नसलेला शब्द इथे कामाला येतो तो याचसाठी. दुसऱ्याच्या हातून मरण, एवढंच त्याने सांगावं. पण मग तो थोरामोठ्यांसाठी राखीव ठेवू नका. ती मोलकरीण मारली गेली हे अधिकृतपणे ठरलं असेल तर तिच्या लेखालाही ‘हत्या’च.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या मृत्यूलाही हेच लावून बघा. ११ फेब्रुवारी १९६८ ला मुघलसराय स्थानकाजवळ रुळांलगत देह सापडला. खटल्यात खुनाचा आरोप सिद्ध झाला नाही, एकाला चोरीपुरती शिक्षा झाली. पुढे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या आयोगाने चोरट्यांनीच मारल्याचा निष्कर्ष दिला. अनेकांना तो आजही मान्य नाही. पण ‘कोणी’ आणि ‘कशासाठी’ यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ‘मारले गेले’ हे मान्य आहे. शीर्षक तिथपर्यंत जाऊन थांबतं.

तिठा

काल्वींच्या बाबतीत माझं मत अजून ‘मृत्यू’च. १९८३ ची लंडनची ज्यूरी खुल्या निष्कर्षावर थांबली. देह जिथे सापडला त्या देशाच्या चौकशीवर दुसऱ्या देशाच्या न्यायालयाचं उत्तर चढवायचं, हे मला पटत नाही. पण १९८३ ला २००२ चा अहवाल समोर नव्हता, हे मान्य. बहुमत ‘हत्या’ला असेल तर मी स्थानांतरण (लेख नव्या नावाने हलवणं) उलटवणार नाही. माझा आक्षेप चर्चापानावर राहू द्या.

पागोळी

तिठा, नक्की राहील, तुमच्याच शब्दांत.

आत्ताच केलं. लेख धूळपाटीवरून मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या लेखांत, ‘रोबेर्तो काल्वी यांची हत्या’ या नावाने हलवला. पहिल्या परिच्छेदात तिन्ही निष्कर्ष तारखांसकट, आणि खटल्यात सगळे सुटले हे दुसऱ्याच वाक्यात. चर्चापानावर ‘हे शीर्षक २००७ च्या रोममधल्या निकालावर आधारलेले आहे’ अशी नोंद टाकली, खाली तिठांचा आक्षेप. ‘काल्वी यांचा मृत्यू’ आणि ‘काल्वी प्रकरण’ ही दोन पुनर्निर्देशनं ठेवली. ‘काल्वी यांची आत्महत्या’ ठेवू का? लोक शोधतील, पण हात होत नाहीये.

तिठा

पुनर्निर्देशन हा दरवाजा आहे, पाटी नाही. चुकीच्या नावाने आलेल्यालाच बरोबर लेख वाचायची जास्त गरज असते. माझ्या मते ठेवा.

शेवंती

ठेवा. तो शब्द टाकून शोधणारा वाचेल तरी, की १९८३ मध्ये तो मागे घेतला गेला.

पागोळी

ठेवलं. आता वर्गांचं (लेखाच्या तळाशी येणाऱ्या विषयवार गटांचं) काम उरलंय. ‘खून झालेल्या व्यक्ती’ असा वर्ग जोडला तर वर केलेला सगळा विचार तळाशी जाऊन फुकट जाईल, म्हणून तूर्त तो जोडलेला नाही. काळवीट, वर्गाचं नाव काय असावं ते सुचवा. मोलकरणीच्या त्या लेखाचं ‘ची’चं ‘यांची’ केलं. तिच्या बाबतीत शवविच्छेदनाचा अहवाल काय म्हणतो ते आज रात्री पुन्हा वाचते, मग पुढचा शब्द ठरवू.